बेडफर्डशर: जिथे विमानं बनली त्याहून जास्त तपासली गेली

प्रश्न असा होता: मुलगा क्रॅनफिल्डला एरोस्पेस शिकतोय, उन्हाळ्यात त्याच्याकडे जायचं आहे. बेडफर्डच्या बाहेर शेतांमध्ये दोन अवाढव्य शेड उभ्या आहेत, असं तो सांगतो. तिथून निघालेलं हवाई जहाज भारतात येणार होतं हे खरं का? आणि एवढ्याशा बेडफर्डशर कौंटीत विमानांचं असं काय आहे?

खरं आहे. ते जहाज म्हणजे आर-१०१. ते विमान नव्हतं; धातूच्या सांगाड्यात हायड्रोजनच्या पिशव्या भरलेलं, फुग्यासारखं तरंगणारं अवाढव्य हवाई जहाज होतं, आणि ते निघालं होतं कराचीला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती (सिंध १९३६मध्ये वेगळा झाला), म्हणजे कागदोपत्री त्याचा मुक्काम आपल्याच इलाख्यातला. माझं आयुष्य विमानांची देखभाल आणि उड्डाणयोग्यतेची तपासणी यात गेलं, आणि त्यातला काही काळ याच कौंटीत. त्यामुळे मी हा इतिहास तपासनिसाच्या नजरेने सांगणार आहे. तसा तो वाचला तरच नीट कळतो, असं माझं मत आहे.

आधी जागेबद्दल. इंग्लंडचा हा भाग बऱ्यापैकी सपाट आहे, समुद्रापासून आत आहे, आणि लंडन रेल्वेने जवळ. पहिल्या महायुद्धात नौदलाला जर्मनांच्या झेपेलिनसारखी मोठी जहाजं हवी होती. ते काम शॉर्ट ब्रदर्स या कंपनीला मिळालं आणि तिने बेडफर्डच्या दक्षिणेला कार्डिंग्टनची जागा धरली. कामगारांसाठी वसवलेली वस्ती आजही शॉर्ट्सटाउन नावानेच ओळखली जाते. १९१९मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि त्याचं नाव झालं रॉयल एअरशिप वर्क्स.

तिथून बाहेर पडलेलं आर-३८ हे जहाज अमेरिकेच्या नौदलाला विकायचं ठरलं होतं. २४ ऑगस्ट १९२१ रोजी हल शहराजवळ, हंबर नदीवर, कमी उंचीवर वेगात सुकाणू आलटून पालटून पूर्ण वळवण्याची चाचणी चालू असताना त्याचा सांगाडा मधोमध मोडला. ४९ जणांपैकी ४४ गेले, डिझायनरही त्यातच. वळताना हवेचा जो जोर सांगाड्यावर येतो त्याचा पुरेसा हिशेबच डिझाइनमध्ये धरला नव्हता. पुढच्या जहाजांसाठी ही गणितं फार काटेकोर झाली. आर-१०१ वाईट बांधलं होतं अशी सर्वसाधारण समजूत आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. त्याचा सांगाडा उत्तम होता. घात झाला तो दुसरीकडे.

१९२४मध्ये ब्रिटिश सरकारने साम्राज्याच्या दूरच्या टोकांना हवाई जहाजांनी जोडायची योजना आखली. बोटीने मुंबई गाठायला दोन आठवडे आणि वर. हवाई जहाज चार-पाच दिवसांत कराचीला नेईल असा अंदाज. जहाजं दोन बांधायची: आर-१०० खासगी कंपनीने यॉर्कशरमध्ये, डिझायनर बार्न्स वॉलिस, आणि आर-१०१ सरकारी कारखान्यात, कार्डिंग्टनला. वाटेत इजिप्तमध्ये इस्माइलियाला जहाज बांधायचा उंच मास्ट उभा राहिला. कराचीला मास्ट आणि जोडीला एक प्रचंड शेडही. ती शेड ‘काला छपरा’ म्हणून कित्येक वर्षं तिथल्या क्षितिजावर दिसत राहिली. जहाज तिच्यात कधीच शिरलं नाही.

कार्डिंग्टनची पहिली शेड याच कामासाठी वाढवली गेली: लांबी ८१२ फूट, आतली उंची १५७ फूट. दुसरी शेड नॉरफोकमधल्या पुलमहून सुटी करून आणून इथे उभारली. त्या आजही आहेत, संरक्षित वास्तू म्हणून. शेताडीतल्या रस्त्याने जाताना आधी त्या जवळ वाटतात, मग बराच वेळ गाडी चालवूनही जवळ येत नाहीत.

भारताच्या उष्णतेचा या जहाजाच्या नशिबाशी थेट संबंध आहे. गरम हवामानात पेट्रोलच्या वाफेचा धोका वाढतो, म्हणून आर-१०१ला डिझेल इंजिनं लावायची ठरली. बिअर्डमोर कंपनीची पाच टॉर्नेडो इंजिनं, मूळची रेल्वेच्या कामाच्या वळणाची, फार जड. हायड्रोजनने भरलेल्या जहाजात पेट्रोल नको म्हणून डिझेल, आणि डिझेलचं वजन उचलायला आणखी हायड्रोजन. सांगाडाही अपेक्षेपेक्षा जड भरला. प्रवासी, इंधन, माल यांसाठी ६० टन उचलशक्ती उरायला हवी होती; १९२९च्या शरद ऋतूत मोजली तेव्हा ती निघाली ३५ टन. एवढ्यावर कराची गाठणं अशक्य.

मग वजन कमी करणं आणि उचल वाढवणं सुरू झालं. जहाज मधोमध कापून एक नवा कप्पा घातला. त्याने लांबी ७३१ फुटांवरून ७७७ फुटांवर गेली. त्याआधी आणखी एक सोपा वाटणारा उपाय केला होता: गॅसच्या पिशव्यांभोवतीच्या तारांच्या जाळ्या सैल केल्या, म्हणजे पिशव्या जास्त फुगतील आणि जास्त गॅस मावेल.

या पिशव्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यांच्यापाशी येऊन थांबते. हायड्रोजन कुठल्याही कापडातून निसटतो. त्या काळी त्याला अडवणारा सर्वांत चांगला पदार्थ म्हणजे बैलाच्या आतड्याचा पातळ पापुद्रा. मिठात घातलेली आतडी पिंपांतून यायची. कारखान्यातल्या बायका ती धुऊन, चरबी खरवडून, ओली असतानाच एकाला एक चिकटवून सुती कापडावर बसवायच्या. अशी लाखो आतडी एका जहाजाला लागायची. तयार कापड हलकं आणि गॅस धरून ठेवणारं, पण घासलं की फाटणारं. जाळ्या सैल केल्यावर फुगलेल्या पिशव्या सांगाड्याच्या पट्ट्यांना, नट-बोल्टांच्या टोकांना टेकू लागल्या. जहाज हवेत डुलायचं आणि दर डुलण्याबरोबर पिशव्या घासल्या जायच्या.

आता मॅकवेड. फ्रँक मॅकवेड हे कार्डिंग्टनला नेमलेले सरकारी तपासनीस होते, हवाई जहाजांच्या कामातले जुने जाणते. ३ जुलै १९३० रोजी त्यांनी आपल्या वरिष्ठांना एक गोपनीय पत्र लिहिलं. आशय असा: पिशव्या जागोजागी सांगाड्याला घासत आहेत, त्यांना भोकं पडताहेत, घासणाऱ्या जागांना गाद्या बांधणं हा माझ्या मते उपाय नाही, कारण गादीखाली काय झालंय ते दिसत नाही आणि ओल धरून तिथे गंज चढू शकतो, हे नीट दुरुस्त होत नाही तोवर या जहाजाच्या उड्डाण परवान्याला मुदतवाढ द्यायची शिफारस मी करू शकत नाही.

तपासणीच्या कामात असलेल्या माणसाला हे पत्र वाचताना काय होतं ते मला सांगता येईल. त्यात एकही शब्द जास्तीचा नाही. दोष काय, तो कशामुळे, सुचवलेला उपाय अपुरा का, आणि म्हणून माझी सही मिळणार नाही. आमच्या कामात याहून वेगळं काही लिहायचं नसतं. नव्या तपासनिसांना मी हे पत्र समजावून सांगत आलो आहे, आणि कुठल्याही नियमावलीपेक्षा ते त्यांच्या जास्त लक्षात राहतं.

वरिष्ठांनी ते पत्र आणखी वर पाठवलं नाही. त्यांनी कार्डिंग्टनच्याच प्रमुखांकडे, रेजिनल्ड कोलमोर यांच्याकडे, विचारणा केली. म्हणजे ज्यांच्या जहाजाबद्दल तक्रार होती त्यांनाच उत्तर द्यायला सांगितलं. कोलमोर यांनी कळवलं की गाद्या बांधून काम भागेल. ते लबाड नव्हते. त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता, आणि पुढे ते त्याच जहाजातून गेले. पण पत्र तिथेच संपलं. हजारो गाद्या बांधल्या गेल्या.

दरम्यान तारीख ठरून बसली होती. हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन (त्यांनी सरदारकीची उपाधी घेतानाही कार्डिंग्टनचंच नाव घेतलं होतं) यांना भारतात जाऊन ऑक्टोबरमध्ये लंडनच्या साम्राज्य परिषदेसाठी परतायचं होतं. प्रतिस्पर्धी आर-१०० ऑगस्टमध्ये कॅनडाला जाऊन परतही आलं होतं. नवा कप्पा घातलेल्या आर-१०१ची एकच चाचणी झाली, १ ऑक्टोबरला, शांत हवेत, सुमारे १७ तासांची. एका इंजिनाचा ऑइल कूलर बिघडल्यामुळे पूर्ण वेगाची चाचणी झालीच नाही. वादळी हवेत तर या नव्या रूपात ते कधी उडालंच नव्हतं. त्या चाचणीत ह्यू डाउडिंग जातीने हजर होते, तेच पुढे १९४०मध्ये ब्रिटनच्या लढाईत लढाऊ विमानदलाचे प्रमुख होते. तज्ज्ञांचा अंतिम अहवाल लिहून पुरा व्हायचा होता, तरी उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र हातात पडलं.

४ ऑक्टोबर १९३०, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आर-१०१ने मास्ट सोडला. जहाजावर ५४ माणसं. वर उठायलाच चार टन पाणी सोडून द्यावं लागलं. इंग्लिश खाडी ओलांडताना वारा आणि पाऊस वाढत गेले. रात्री २ वाजून ९ मिनिटांनी उत्तर फ्रान्समध्ये बोव्हे शहराजवळ जहाजाचं नाक खाली गेलं, सावरलं, पुन्हा गेलं आणि ते जमिनीला टेकलं. टेकताना वेग फार नव्हता. मग हायड्रोजन पेटला. ४८ जण गेले: थॉमसन, कोलमोर, डिझायनर रिचमंड, नागरी उड्डाणाचे संचालक सेफ्टन ब्रँकर, आणि बरेचसे कार्डिंग्टन-शॉर्ट्सटाउनचे कर्मचारी. सहा वाचले.

चौकशीचे अध्यक्ष होते सर जॉन सायमन. होय, तेच सायमन, ज्यांच्या कमिशनला १९२८मध्ये मुंबईच्या बंदरापासूनच काळे झेंडे दिसले होते. भारतात त्यांनी केलेल्या कामाबद्दल आपलं मत काहीही असो, हा अहवाल मात्र वाचण्यासारखा आहे. निष्कर्ष असा की पुढच्या भागातल्या पिशवीतून अचानक बराच गॅस गेला, आणि उचलशक्तीत काही राखीव उरलं नसल्याने जहाज सावरू शकलं नाही. सुरुवात पिशवी फाटण्यापासून झाली की आधी बाहेरचं कव्हर फाटलं, यावर जाणकार आजही वाद घालतात. जून महिन्यात मास्टला बांधलेलं असतानाच कव्हर सुमारे १४० फूट फाटलं होतं, त्यामुळे तीही शक्यता खरी आहे. माझं म्हणणं एवढंच की दोन्ही दोष जमिनीवर असतानाच माहीत होते.

ब्रिटनची हवाई जहाजं तिथेच संपली. चांगलं उडणारं आर-१०० १९३१मध्ये कार्डिंग्टनलाच भंगारात तोडलं. भारताचं टपाल आता विमानंच आणू लागली: लंडनहून कराचीपर्यंत इंपीरियल एअरवेज, आणि १५ ऑक्टोबर १९३२पासून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत जेआरडी टाटांचं चिमुकलं पस मॉथ.

दुसऱ्या महायुद्धाचा भाग मी झटपट सांगतो, कारण त्यावर माहिती सगळीकडे मिळते. या कौंटीत ठिकठिकाणी धावपट्ट्या झाल्या. थर्लीला अमेरिकनांचा ३०६वा बॉम्बर ग्रुप होता. पॉडिंग्टनच्या धावपट्टीवर आज मोटारींच्या ड्रॅग रेस होतात. ट्विनवुड फार्मवरून १५ डिसेंबर १९४४ रोजी संगीतकार ग्लेन मिलर पॅरिसला निघाले आणि त्यांचं विमान कधीच सापडलं नाही. टेम्सफर्डचा तळ मात्र निराळा: शत्रूव्याप्त युरोपात हेर उतरवणाऱ्या १३८ आणि १६१ या स्क्वॉड्रनचा, वरून बघणाऱ्याला शेतवाडीच वाटेल असा सजवलेला. ब्रिटनची भारतीय वंशाची हेर नूर इनायत खान इथूनच गेली असं पुष्कळदा लिहिलं जातं. तिला नेणारं लायसँडर विमान १६१ स्क्वॉड्रनचं होतं, पण ते उडालं ससेक्समधल्या टँगमिअरहून. टेम्सफर्ड गावात स्त्री हेरांचं स्मारक आहे, त्यावर तिचं नाव आहे.

युद्धानंतरचं थर्ली हा या कौंटीचा माझ्या मते सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. तिथे सरकारची विमान संशोधन संस्था आली: लांबलचक धावपट्टी, जवळच विमानांवर हवेचा परिणाम तपासायचे वाऱ्याचे बोगदे. काँकॉर्डसारखा निमुळता त्रिकोणी पंख कमी वेगात कसा वागतो हे पाहायला बनवलेलं एचपी-११५ हे विमान १९६१मध्ये इथूनच पहिल्यांदा उडालं. धुक्यात आपोआप उतरण्याचं तंत्र तयार करणारी तुकडी १९५७मध्ये इथे आली. त्यांची पद्धत बघा. शेवटच्या टप्प्यात नाक किती उचलायचं हे रेडिओ उंचीमापकावरून ठरवायचं: जमीन जितकी जवळ, तितका खाली येण्याचा वेग कमी, दोन्हींचं प्रमाण कायम. म्हणजे विमान हळूहळू जमिनीकडे झुकत जातं. पण यंत्र चालतं एवढ्यावर ते थांबले नाहीत. यंत्रामुळे जीवघेणा अपघात व्हायची शक्यता एक कोटी लँडिंगमध्ये एकापेक्षा जास्त असता कामा नये, असं माप आधी ठरवलं आणि मग त्या मापाला उतरेल अशी दुहेरी-तिहेरी यंत्रणा बांधली. प्रवाशांसह पहिलं स्वयंचलित टेकणं १९६५मध्ये हीथ्रोवर झालं, ट्रायडंट विमानाचं. जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात तुमचं विमान उतरतं ते याच कामाच्या जोरावर.

थर्लीची दुसरी देणगी थेट आपल्या किनाऱ्यावर आली. डग टेलर या नौदल अधिकाऱ्याची कल्पना होती की विमानवाहू जहाजाच्या डेकचं टोक वर वळवलं तर हॅरिअर हे लढाऊ विमान जास्त वजन घेऊन उडेल. रॅम्पवरून सुटताना विमानाचा वेग पंखांवर उडायला पुरेसा नसतो. पण रॅम्पने वर फेकल्यामुळे खाली येण्याआधी काही सेकंद मिळतात आणि तेवढ्यात वेग वाढतो. कागदावर हे सोपं होतं. तरी त्यांनी समुद्रावर जायची घाई केली नाही. थर्लीच्या जमिनीवर कोन बदलता येणारा रॅम्प उभारला आणि ५ ऑगस्ट १९७७ रोजी पहिलं उड्डाण केलं, फक्त ६ अंशांवर. मग एकेक पायरी चढवत कोन २० अंशांपर्यंत नेला. दर पायरीला लँडिंग गिअरवर किती भार आला ते मोजलं. १२ अंशांचा रॅम्प बसवलेलं हर्मिस हे जहाज १९८७मध्ये भारतीय नौदलात आलं, तेच आयएनएस विराट. मुंबईत तीस वर्षं ज्याचा डेक लोकांनी पाहिला त्याचं वळण बेडफर्डशरमध्ये ठरलेलं. आणि पद्धतही आली: गोव्यात दाबोळीला आयएनएस हंसा तळावर जमिनीवरच रॅम्प बांधलेला आहे. नौदलाचं तेजस डिसेंबर २०१४मध्ये पहिल्यांदा तिथून उडालं, जहाजावर नेण्याच्या कितीतरी आधी.

मुलगा क्रॅनफिल्डला आहे म्हणून हेही सांगतो. ते कॉलेज १९४६मध्ये हवाईदलाच्या जुन्या तळावर सुरू झालं आणि त्याची स्वतःची धावपट्टी आहे. विद्यार्थ्यांना विमानात बसवून, समोरच्या पडद्यावर आकडे वाचायला लावून उड्डाणचाचणी शिकवण्याची तिथली परंपरा जुनी. त्याने ती संधी सोडू नये. ल्यूटनचा विमानतळही याच कौंटीतला. तिथल्या पर्सिव्हल कंपनीचं प्रेंटिस हे प्रशिक्षण विमान बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टने आपल्या हवाईदलासाठी बनवलं होतं.

आता काय बघायचं. सगळ्यात आधी ओल्ड वॉर्डनचं शटलवर्थ संग्रहालय, कारण तिथली विमानं उडतात. १९०९चं ब्लेरिओ मूळ इंजिनासह अजून छोट्या उड्या मारतं. १९३४च्या लंडन-मेलबर्न शर्यतीत अलाहाबादला थांबून पुढे जाऊन जिंकलेलं लाल कॉमेट तिथे आहे. आसामातल्या एका चहामळेवाल्याने १९३३च्या दिल्लीच्या शर्यतीत उतरवलेलं काँपर स्विफ्टही आहे. त्याच शर्यतीसाठी रिचर्ड शटलवर्थ स्वतः आपलं स्विफ्ट घेऊन इंग्लंडहून दिल्लीपर्यंत उडत आले होते. शक्यतो संध्याकाळचा एअर शो निवडा. १९१४च्या आधीची विमानं वारा पडल्याशिवाय बाहेर काढत नाहीत आणि वारा बहुधा सूर्य कलल्यावर पडतो. दुपारी गेलात तर ती हँगरमध्येच बघावी लागतील.

कार्डिंग्टनच्या शेडच्या आत सहज जाता येत नाही, बाहेरूनच बघा. गावात सेंट मेरी चर्चच्या दफनभूमीत आर-१०१च्या ४८ जणांची एकत्र समाधी आहे आणि चर्चमध्ये जहाजाच्या अवशेषांतून मिळालेला जळका ध्वज. टेम्सफर्डला, हेरांना निघण्याआधी सामान द्यायचे ते जिब्राल्टर फार्मचं जुनं कोठार पायवाटेने गाठता येतं, पण बूट चिखल सोसणारे हवेत. थर्लीची धावपट्टी आता खासगी मोटार ट्रॅक आहे, रॅम्प वगैरे काही दिसणार नाही. अमेरिकन बॉम्बर ग्रुपचं छोटं संग्रहालय मात्र आहे. ते आणि ट्विनवुडचं, दोन्ही ठरावीक दिवशीच उघडतात, तेव्हा निघण्याआधी वेळा पाहून घ्या. गाडी नसेल तर बेडफर्डला मुक्काम करा. क्रॅनफिल्डहून बस मिळवत फिरण्यात अर्धा दिवस जाईल.